परक्या गावचा हुरडा

शास्त्रपाठ : रूथ २:१-१८, लूक १०:५-८, १ करिंथ १०:२५-३३



रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण लग्नात वाचतो, सासवासुनांच्या सभेत वाचतो आणि त्यावर पुष्कळ बोलतो. सासूला सोडून न जाण्याचा तिचा निर्धार, तिचे ते थोर उद्गार, हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. दुसऱ्या अध्यायावर मात्र उपदेश क्वचितच ऐकू येतो. तो काय, शेतात सरवा वेचण्याचा मजकूर! पण तुमच्यापैकी जे कोणी लग्न होऊन, नोकरीमुळे किंवा पोटासाठी परमुलखात जाऊन राहिले असतील त्यांना विचारा. निर्धार एका दमात करता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कोणत्या विहिरीवर जायचे, कोणाच्या बांधावरून जायचे, मुकादमाशी कोणत्या शब्दांत बोलायचे, हे प्रश्न उभे राहतात आणि ते सुटायला हंगामच्या हंगाम जातात. रूथला सातूच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंतचे दिवस त्या शेतांत काढावे लागले. तेवढ्या काळात लोक तिच्या नावापुढे ‘मवाबी’ हा शब्द लावायला विसरले नाहीत. तुम्ही तो अध्याय वाचून पाहा, शब्द पुन्हा पुन्हा येतो.

या अध्यायातील दुपारच्या भाकरीच्या वेळेकडे मला आज आपले लक्ष वेधायचे आहे. बवाज या परकी बाईला जवळ बोलावतो, भाकर घे आणि आंबेत बुडवून खा असे म्हणतो. ती कापणी करणाऱ्यांच्या पंगतीला बसते. मग तो तिला भाजलेले धान्य देतो. आपण मराठी माणसे त्याला हुरडाच म्हणू. ती पोटभर खाते, आणि उरलेले बांधून संध्याकाळी घरी म्हाताऱ्या सासूसाठी नेते. त्याआधीच, गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी पिण्याची मोकळीकही बवाजाने तिला दिलेली आहे.

आता अनुवादाचा तेविसावा अध्याय काढा. मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा तिथे निर्बंध आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: इस्राएल लोक मिसरातून येत असता मवाबी लोक वाटेत अन्नपाणी घेऊन त्यांना सामोरे गेले नाहीत. ज्यांनी भाकर आणि पाणी दिले नाही त्यांच्याच लेकीला बेथलेहेमच्या शेतात भाकर आणि पाणी मिळते. हे मी वीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवीत आलो. ते मला कळले मात्र फार उशिरा, आणि त्यासाठी जी किंमत पडली ती मी एकट्याने दिली नाही.

मी मूळचा अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. २०११ साली हजिऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली आणि आई, पत्नी व तीन वर्षांची मुलगी यांना घेऊन मी इच्छापोरला आलो. तापी ओलांडून अडाजण, पाल मागे टाकले की हजिऱ्याच्या रस्त्यावर हे गाव लागते. आज त्याच्या आजूबाजूला कारखाने आहेत, हिरे-दागिन्यांची औद्योगिक वसाहत आहे, अवजड वाहनांची रात्रंदिवस ये-जा आहे. पण रस्ता सोडून आत वळले की फळिया लागतो. फळिया म्हणजे आपली आळी. घरांना लागून ओटे, ओट्यावर झोपाळा, आणि संध्याकाळी पापडी सोलीत बसलेल्या बायका. आम्हाला त्या फळियात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या.

गुजराती ही भाषा मराठी माणसाला अर्धी समजते आणि त्यामुळेच जास्त फसवते. शेजारच्या वृद्ध बाईला सगळे ‘बा’ म्हणत. आमच्या गावाकडे बा म्हणजे बाप! आई पहिले दोन दिवस गोंधळली. मिठाला तिथे ‘मीठुं’ म्हणतात आणि गोड या अर्थीही ‘मीठुं’च म्हणतात. पत्नीने वाण्याकडे काय मागितले आणि काय घरी आणले ते सांगत बसलो तर लेख त्यातच संपेल. वरणात गूळ! आई म्हणाली, “या लोकांचं आजारपण आणि सणवार एकाच चवीचे दिसतात.” हसू येई, पण मनात माझ्या भीतीच होती. मुलगी मराठी विसरेल, पत्नी नवरात्रात गरब्याला ओढली जाईल, घरात कोणी नैवेद्याचे ताट आणून ठेवील आणि नाही म्हणता येणार नाही. म्हणून मी दार लावून घेण्याचे धोरण ठेवले. रविवारी सुरतेला उपासनेस जावे, महिन्यातून एकदा उधन्याच्या बाजूस मराठी कुटुंबांच्या प्रार्थनेस जावे, आणि बाकीचे सहा दिवस शेजाऱ्यांशी ‘केम छो’पलीकडे संबंध ठेवू नये. याला मी वेगळे राहणे म्हणत असे आणि त्यासाठी शास्त्रातली वचनेही मला पाठ होती.

२०१२ च्या जानेवारीत उत्तरायणाच्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीला, शेजारच्या बा एक ताटली घेऊन आल्या. वर रुमाल झाकलेला. आत पोंक होता. सुरतेकडे थंडीत कोवळी ज्वारी निखाऱ्यात भाजून, कणसे फडक्यात बांधून काठीने झोडपून दाणे काढतात. तो पोंक शेव, लिंबू आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर खातात. अडाजणला तापीच्या काठी त्याची दुकानेच लागतात. सणाचा दिवस, वर रुमाल, हात जोडून आणलेली ताटली. मी मनाशी ठरवून टाकले की हे देवापुढे ठेवून आणलेले आहे. “अमे नथी खाता,” असे सांगून मी ताटली परत दिली. बा काही बोलल्या नाहीत. रुमाल पुन्हा नीट झाकला आणि गेल्या.

आई आत चुलीशी बसली होती. तिला वास आला होता. नगरकडच्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. शेताच्या कडेला आगटी, गोवऱ्यांचा विस्तव, तळहातावर चोळलेली कणसे, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे हुरड्याच्या ज्वारीत गुळभेंडी आणि सुरती अशी नावे घेतात, आणि त्यातली सुरती म्हणजे आईची आवडती. नवरा गेल्यापासून तिने शेत पाहिले नव्हते. ती एवढेच म्हणाली, “अरे, हुरडाच होता तो.”

मी तिला पौलाची शिकवण समजावून सांगितली. आईला! जिने मला मांडीवर बसवून पहिले शास्त्रवचन शिकवले तिला.

आणि बंधुभगिनींनो, पौल तरी काय सांगतो ते पाहा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात अगदी हाच प्रश्न आहे. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, जे वाढले असेल ते खा, आणि विवेकबुद्धीच्या सबबीवर चौकशी करीत बसू नका. हा त्याचा पहिला नियम. हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी आपणहून सांगितले तर मात्र खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. हा दुसरा नियम. ईश्वरविद्येच्या पदविकेच्या परीक्षेत मला नेमका हा उतारा आला होता आणि गुणही चांगले मिळाले होते. पण दारात ताटली आली तेव्हा मी पहिला नियम ओलांडून थेट दुसऱ्यावर गेलो. बांनी काहीएक सांगितलेले नव्हते. सांगणारा मीच आणि ऐकणाराही मीच.

पुढे एकदा सुरतेत रविवारच्या शाळेची मुले घेऊन आम्ही जुन्या इंग्रज लोकांचे कबरस्तान पाहायला गेलो. इंग्रजांची वखार सुरतेत सतराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. त्यांची गलबते सुवालीला लागत. १६१५ साली सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील तिथेच उतरला. सुवाली आमच्या इच्छापोरच्या पुढे, त्याच हजिऱ्याच्या पट्ट्यात आहे. वखारीत त्यांचा पाळक असे, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत, एकत्र जेवण होई. परमुलखात आपला धर्म सांभाळण्याची त्यांची व्यवस्था माझ्यापेक्षा फार चांगली होती. आज पाहावे तर ऑक्सेंडन बंधूंची भलीमोठी दुमजली घुमटाची कबर उभी आहे. एक भाऊ १६५९ साली वारला, दुसरा, जॉर्ज, १६६९ साली. गंमत अशी की कबरीचा घाट अगदी इथल्या मुसलमान सरदारांच्या मकबऱ्याचा आहे. एका मुलाने विचारले, “सर, यांचे इथे कोणी मित्र होते का?” मला उत्तर देता आले नाही.

त्यांच्यात सगळेच तसे होते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. हेन्री लॉर्ड नावाचा सुरतेच्या वखारीचा एक पाळक होता. त्याने वाणी आणि पारशी लोकांना त्यांच्या श्रद्धेविषयी विचारले, ऐकले, लिहून घेतले आणि १६३० साली त्यावर पुस्तक छापले. त्याची मते आपल्याला आज पटणार नाहीत, पण निदान त्याने विचारले. पुढे १८१५ साली लंडन मिशनचे सेवक सुरतेस आले. त्यांनी गुजराती शिकून पवित्र शास्त्राचे त्या भाषेत भाषांतर केले. ज्याला भाषा शिकायची त्याला परक्याच्या ओट्यावर बसावेच लागते, आणि बसले की समोर आलेले पाणी प्यावे लागते. मी तर त्यांच्यासारखा सात समुद्र ओलांडून आलेला नव्हतो. नगरहून रात्री निघालो तर सकाळी सुरतेत पोहोचतो.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये आई गेली. पाऊस लागलेला, पहाटेची वेळ. गावाकडून माणसे यायला दुपार होणार होती. मी फोन करीत उभा होतो आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? खांदा द्यायला कोण आहे! तेवढ्यात फळियातले लोक आले. बोलावले कोणीच नव्हते. बायका पांढरी लुगडी नेसून आत जाऊन पत्नीजवळ बसल्या. पुरुषांनी बाकडी आणली, अंगणात ताडपत्री बांधली. शवपेटी म्हणजे काय, ती कुठे मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण एकजण मोटारसायकलवर मला सुरतेला घेऊन गेला आणि पेटी येईपर्यंत माझ्याबरोबर उभा राहिला. दफनाच्या वेळी आमच्या पाळकसाहेबांनी गुजरातीत प्रार्थना केली आणि ते सगळे टोप्या काढून उभे होते. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी बांच्या घरून खिचडी-कढी आली. आम्ही खाल्ली.

चार-पाच दिवसांनी बा येऊन बसल्या होत्या. त्या संक्रांतीच्या ताटलीविषयी मी त्यांना विचारलेच. तो पोंक देवापुढचा होता का? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “माजी माटे लावी हती.” माहेरच्या शेतातला पोंक होता. म्हाताऱ्या माणसाला दात नसले तरी कोवळा दाणा चावतो, म्हणून त्यांनी तो मुद्दाम माझ्या आईसाठी आणला होता.

रूथने आपल्या पदरात बांधून म्हातारीसाठी हुरडा नेला. माझ्या म्हातारीसाठी तो दारापर्यंत आला होता आणि मी तो परत पाठवला. ईश्वराने क्षमा केली आहे असा माझा विश्वास आहे. आईने तर तेव्हाच केली असावी. पण त्या ताटलीचे आजही मला वाईट वाटते, आणि वाटू नये अशी माझी प्रार्थनाही नाही.

आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांनी याचा विचार इतरांपेक्षा जास्त केला पाहिजे असे मला वाटते. आपल्यातील पुष्कळांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत. त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे घडले ते कशासाठी घडले हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माझे आजोबा सांगत की मिशनच्या शाळेत सर्व मुले एकाच माठातले पाणी पीत. तो एक माठ पाहून त्यांच्या वडिलांनी सुवार्ता ऐकण्याचे मनावर घेतले. त्या आजोबांचा नातू परक्या गावात जातो आणि शेजारणीच्या हातचे अन्न परत करतो. तिला त्याचा अर्थ काय लागला असेल? आम्ही तिला हलकी समजतो असाच ना?

प्रभू शोमरोनातून जात असता विहिरीशी थांबला (योहान ४). शिकवायचे पुष्कळ होते, पण आधी त्याने पाणी मागितले. ती बाई चकित झाली, कारण यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नसे. आपण सुवार्तेविषयी बोलताना नेहमी देणाऱ्याच्या जागी उभे असतो. पुस्तिका देतो, औषध देतो, सल्ला देतो. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर शिष्यांना पाठवतो तेव्हा झोळीसुद्धा बरोबर नेऊ देत नाही. ज्या घरात शिरलात तिथेच राहा, घरे बदलू नका, ते देतील ते खा-प्या. ही आज्ञा शिजवलेल्या अन्नाविषयी अतिशय काटेकोर असलेल्या लोकांना दिलेली आहे हे विसरू नये. आजारी बरे करणे आणि राज्य जवळ आल्याचे सांगणे हे सगळे या जेवणानंतर येते. क्रम प्रभूने लावलेला आहे. तो उलटा करण्याची मुभा मला तरी त्या अध्यायात सापडत नाही.

कोणी विचारील, मग सगळेच खायचे का? आरतीला उभे राहायचे का? दक्षिण गुजरातेत पारशी लोक संजाणला आले त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. राजाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला आणि त्यांनी त्यात साखर विरघळवून तो परत केला. ‘किस्से संजाण’ या त्यांच्या जुन्या फारसी काव्यात ही साखरेची गोष्ट नाही. तिथे राजाच्या अटी आहेत: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवा. त्यांनी अटी मान्य केल्या, भाषा घेतली, पोशाख घेतला आणि अग्नी मात्र आपला ठेवला. गोष्टीपेक्षा मला या अटीच जास्त उपयोगी वाटतात, कारण त्यांत काय सोडले आणि काय ठेवले याचा हिशेब आहे. प्रभूने आपल्याला साखर म्हटलेले नाही, मीठ म्हटले आहे, आणि खारटपणा गेलेल्या मिठाचे काय होते तेही सांगितले आहे. गुजरातीत मीठ आणि गोड या दोन्हींना एकच शब्द आहे ही गोष्ट वेगळी!

आमच्या घरापुरते सांगतो. नवरात्रात आम्ही आरतीला उभे राहत नाही. ते मी बांना एकदा ओट्यावर बसून नीट सांगितले. त्यांना राग आला नाही. प्रसाद म्हणून जे हातावर ठेवतात ते आम्ही घेत नाही. त्या आता त्यातले न ठेवलेले वेगळे काढून मुलीसाठी आणतात आणि “आ चोख्खुं छे” असे बजावून सांगतात. म्हणजे माझ्या विवेकबुद्धीची काळजी आता त्या वाहतात. हे पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या नियमाचेच रूप नव्हे काय? गरब्याचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मुलगी आता मोठी झाली आहे, तिच्या सगळ्या मैत्रिणी जातात. ती विचारते, “बाबा, टाळ्या वाजवून गोल फिरण्यात पाप कुठलं?” मध्ये दिवा ठेवलेला असतो, तो कोणासाठी ते तिलाही ठाऊक आहे. एका वर्षी मी नाही म्हटले, एका वर्षी ती कडेला बसून पाहून आली. आमच्या मंडळीतही याबाबत एकमत नाही आणि ज्यांनी वेगळा निर्णय घेतला आहे त्यांना दोष देण्याइतका मी शहाणा झालेलो नाही.

दार आता उघडे असते. त्यामुळे धूळ येते, मांजर येते, भलत्या वेळी माणसे येतात. पत्नी फळियातल्या बायकांबरोबर पापड लाटायला जाते आणि माझ्यापेक्षा शुद्ध गुजराती बोलते. एका घरी मूल आजारी असताना तिला प्रार्थना करायला बोलावले, ती गेली. तिथे तिने काय म्हटले ते मी विचारले नाही. मी गेलो असतो तर बहुधा लांबलचक उपदेश केला असता.

सर्व गोड झाले असेही समजू नका. फळियात एक घर असे आहे जिथे अजून आमच्याशी कोणी बोलत नाही. आणि स्वतः बांनी इतक्या वर्षांत आमच्या घरी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला ते कळते. नाताळात आम्ही घरोघर फराळ पाठवतो. त्यांच्याकडे केळी पाठवतो, कारण साल असलेले फळ त्यांना चालते. गेल्या नाताळात मुलीने आम्हाला न विचारता केळ्यांच्या शेजारी चार करंज्या ठेवल्या, वर रुमाल झाकला आणि ताटली देऊन आली. दुसऱ्या दिवशी ताटली घासून-पुसून परत आली. रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात मूठभर पोंक होता. करंज्या कोणी खाल्ल्या ते आम्ही विचारले नाही.